रंगूनहून आलेली पोटली

अक्का, को विनची पोटली आली.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा मंडप उतरवून बांबू अजून अंगणातच पडले होते, तेवढ्यात कुरिअरवाला आला म्हणे. प्रज्ञानं मला नांदेडला फोन केला. "मामा, रंगूनहून पार्सल आलंय. आईच्या नावानं हाय." मी म्हणालो, उघडू नकोस, मी येतो. का म्हणालो ते माझं मलाही कळलं नाही. आयुष्यात मी कधी पोटली उघडली नव्हती, ते तुझं काम. मी फक्त बाजूला बसून टीका करायचो. तरी विष्णुपुरीतल्या घरून निघालो, लातूरची एसटी धरली आणि लोहा, अहमदपूर करत सगळ्या रस्त्यानं तुझ्याशी भांडत आलो. ओठ हलत असावेत, कारण शेजारच्या बाईनं पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

माझ्या कॉलेजातल्या मित्रांना मी पोटली समजावून सांगायचो तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसायचीस. मी आपला वर्गातल्यासारखा सुरू व्हायचो: लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सगळी पोती उघडून बघत बसत नाहीत, फडक्यात मूठ-दोन मूठ दाणे बांधून नमुना आणतात, तो टेबलावर पसरतात आणि त्यावरून भाव बोलला जातो. राज्यशास्त्राचा मास्तर अर्थशास्त्र शिकवायला निघाला की तुला चेव यायचा. "असं पुस्तकातल्यासारखं कशाला सांगूलालास? पोटली म्हंजे पोरगी बघायचा कार्यक्रम. तेवढ्या टायमाला समद्याच पोरी गुणाच्या असत्यात."

आणि म्हणून तू पोटलीवर कधी विश्वास ठेवला नाहीस. मोंढ्यातली रीत म्हणून ती बघायचीस, पण सौदा करण्याआधी गोदामात जाऊन पोत्यात हात घालायचीस, बांगड्या वर सारून, थेट कोपरापर्यंत. तळातली मूठ वर काढायची, वरच्या मुठीशेजारी ठेवायची आणि मग एक दाणा दाताखाली. कट् वाजला तर माल वाळलेला, दबला तर ओला. त्या नादात तुझ्या समोरच्या दाताचा टवका उडाला. पुण्यानुमोदनाच्या फोटोसाठी स्टुडिओवाल्यानं विचारलं, दात नीट करून देऊ का कॉम्प्युटरवर? प्रज्ञा म्हणाली, हात तर लावून बघ. तर तू आता बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी त्या तुटक्या दातासकट हसते आहेस. मला तो फोटो बघवत नाही, आणि त्याच्यावरून नजरही हलत नाही.

किल्लारीजवळच्या आपल्या घरातून लातूरच्या मोंढ्यात येऊन दाळ मिल टाकणं ही काय गंमत नव्हती. दाजी पाटबंधारे खात्यात होते, त्यांच्या पगारावर बँकेनं कर्ज दिलं, पण मोंढ्यातल्या बाकड्यावर बसायला जागा कुणी दिली नव्हती. ती तू घेतलीस. मला त्याचा किती अभिमान होता हे मी तुला कधीच सांगितलं नाही. कारण साधं आहे, तुला अभिमान बोलून दाखवला की तू लगेच म्हणायचीस, "बरं, आता पैसे किती मागूलालास?"

तेव्हा ब्रह्मदेश नुकता उघडला होता. लष्करानं दार किलकिलं केलं होतं, निवडणुकांची भाषा सुरू झाली होती, जगभरचे पैसेवाले तिकडे धावत होते. तिकडची तूर लातूरला आधीपासून यायची, 'लेमन' म्हणून ओळखली जायची. तुझ्या डोक्यात आलं की तिकडेच माल निवडायची, चाळायची यंत्रं बसवावीत, म्हणजे दगडमातीचं भाडं भरून समुद्र ओलांडावा लागणार नाही. दाजी तोवर राहिले नव्हते. तू मला म्हणालीस, "मास्तर, चल. तिकडं सरकार बदलूलालंय म्हणतेत, तुला बघायला मिळंल. मी तूर बघते, तू सरकार बघ."

रंगूनच्या त्या हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला सगळे सुटाबुटातले लोक. तू इरकल नेसून, डब्यातली कडक भाकरी चुरून त्यावर शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलेली. शेजारच्या टेबलावरचा तो सिंगापूरच्या कुठल्याशा फंडाचा माणूस, आठवतो? त्यानं कौतुकानं विचारलं, आपण पर्यटक का? मी सांगितलं, गुंतवणूकदार. तो खूश झाला. उदयोन्मुख बाजारपेठ, तरुण लोकसंख्या, येणारी लोकशाही, असं बरंच बोलला. मी भाषांतर करत होतो. तू मधेच म्हणालीस, "त्याला इचार, उद्या बंदूकवाले परत आले तर काय करतू?" त्यानं हसून सांगितलं, त्याचा विचार आधीच केलेला आहे, बाहेर पडायची वाट ठरवल्याशिवाय आम्ही आत जातच नाही. तू चटणी चाटत म्हणालीस, "दार कुठं हाय ते बघूनच घरात शिरणारा पाहुणा. ह्याच्या पुढ्यात ताट वाढू नये." हे मी भाषांतर केलं नाही. मग त्यानं विचारलं की तुम्ही जोखमीचं काय गणित मांडलं आहे. तू म्हणालीस, "त्याला सांग, मी किल्लारीची हाय." आता हे कसं सांगणार? मी सांगितलं, आमच्या गावी भूकंप झाला होता, सगळं गाव गेलं, मग दुसऱ्या जागी नवं वसवलं. त्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं. बिचाऱ्यानं कुठल्या रकान्यात लिहिलं असेल कोण जाणे.

मग को विन भेटला. 'को' म्हणजे तिकडे दादा. शहराबाहेर त्याचं पत्र्याचं गोदाम, लुंगी नेसलेला, बोटाएवढा बारीक माणूस. हिंदुस्तानी व्यापाऱ्यांशी बोलून बोलून हिंदी शिकलेला. त्यानं पोटली सोडली. तू त्याच्याकडं बघितलंही नाहीस, सरळ थप्पीकडे गेलीस आणि बांगड्या वर सारल्यास. तो बघतच राहिला. एक पोतं, दुसरं पोतं, मग अगदी भिंतीलगतचं. प्रत्येकातली वरची मूठ आणि तळची मूठ तू त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडलीस. दोन्हींत तेवढेच फुटके, तेवढीच टरफलं. तू मला म्हणालीस, "वरचं आन् तळचं एक हाय, मास्तर." आणि त्याला म्हणालीस, "आज से तुम मेरे पार्टनर." त्यानं तो शब्द असा काही उचलला की पुढं तुला दीदी नाही, मॅडम नाही, कायम पार्टनर. मला मात्र मास्तरजी.

त्याच संध्याकाळी आपण सोन्याच्या पॅगोड्यावर गेलो. तिथं ज्याच्या त्याच्या जन्मवाराचा कोपरा असतो, तिथल्या मूर्तीवर पाणी घालायचं. को विनच्या बायकोनं विचारलं, वार कोणता? तुला कुठला माहीत! आपल्या आईनं सांगितलेलं एवढंच, पोळ्याच्या आदल्या दिवशीची. तू म्हणालीस, "मग आपल्या गावच्या बाजाराच्या वाराला घालते." घातलंस, आणि तिथंच फरशीवर बसून रडलीस. मी तुला रडताना फार कमी बघितलं आहे. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, "काय न्हाई रं. इथं कुणी आपल्याला इचारत न्हाई तुम्ही इथं कसे म्हणून."

उतरताना पायऱ्यांवर आपलं पहिलं भांडण झालं. तू म्हणालीस, "बुद्धाच्या देशात बंदूकवाले किती दिवस टिकतेत? जातेत ते." मी म्हणालो, "अक्का, तू पोत्यात हात घातलास, देशात घातलास का? तू बघितलीस ती पोटली आहे. हॉटेल, रस्ते, पॅगोडा. तळात अजून तेच आहेत. आणि बुद्धाचं म्हणशील तर बुद्ध आपल्याकडचाच होता. आपल्याकडं काय झालं?" मला वाटलं, आता ही निरुत्तर. तू आणखी चार पायऱ्या उतरलीस आणि म्हणालीस, "झालं की. आपण आलो की परत."

"किती शतकांनी?"

"टाइम लागला. पर आलो ना?"

पण चूक ती चूकच, अक्का, आणि ती आपल्यासारख्यांनीच करावी अशी होती. हात जोडलेले दिसले की आपण त्यांना आपलंच माणूस समजतो. दुसऱ्या कुणी व्यापाऱ्यानं त्या देशाचं मोल करताना बुद्ध हिशेबात धरला नसता.

लातूरला आल्यावर तू मला म्हणालीस, "तुझे पैशे बँकेत झोपून राहिलेत, त्यांना कामाला लाव." ते विचारणं नव्हतं. आपल्या घरात तुला नाही म्हणायची पद्धतच नाही. मी माझ्या फंडातला एक हिस्सा दिला, कागदावर सहीही केली, आणि तरीही पुढची सगळी वर्षं त्या यंत्रांना 'तुझं रंगून' म्हणत राहिलो. "तुझ्या रंगूनचं काय?" "तुझ्या रंगूनला पाऊस झाला का?" तू एकदाही दुरुस्त केलं नाहीस.

को विनच्या गोदामाशेजारी प्लांट उभा राहिला आणि चांगला चालला. चाळणीवर बायका, दाराशी ट्रक, लातूरला स्वच्छ माल. माझ्या टीकेला जागाच उरली नव्हती, म्हणून मी तुझ्या चहावर टीका करायचो.

आणि मग, तोंडाला मास्क लावून बसायच्या त्या दिवसांत, एका सकाळी बातमी आली. लष्करानं पुन्हा सगळं ताब्यात घेतलं होतं. मी फोन उचलला तेव्हा माझं वाक्य तयार होतं, खोटं कशाला बोलू. मास्तराला आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद आवरत नाही. तुझा आवाज आला, "को विनचा फोन लागंना." बस, एवढंच. पैशाबद्दल अवाक्षर नाही. मी म्हणालो, "लागेल अक्का. लाइनी बंद केल्या असतील." त्यानंतर कितीतरी दिवस तू मिलच्या ऑफिसात बसून तोच नंबर फिरवत राहिलीस. प्रज्ञा सांगते, तू जेवणाचा डबासुद्धा फोनसमोर उघडायचीस.

लागला तेव्हा मी तिथंच होतो, लातूरला. को विन पहिल्यांदा म्हणाला, "पार्टनर, सब जा रहे. तुमको निकलना है तो बोलो, मैं हिसाब करता." तू विचारलंस, "तू निकल रहा क्या?" तो म्हणाला, "मेरा तो घर है इधर." तू म्हणालीस, "फिर मेरा भी सामान उधरीच रहने दे." फोन ठेवून तू माझ्याकडं बघितलंस, आता बोल म्हणून. सिंगापूरचा तो पाहुणा एव्हाना दाराबाहेर पडून विमानात बसलाही असेल, हा विचार आपल्या दोघांच्या मनात एकाच वेळी आला असावा, कारण आपण दोघंही हसलो.

पण माझं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं आणि तुलाही ते माहीत होतं. आपलं यंत्र चाललं की कर भरला जातो. कर कुणाकडं जातो? बंदुकीकडं. मी हे विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "आन् आपण निघालो की बंदूक उपाशी मरती का?" मी म्हणालो, "असं सगळेच म्हणतात, म्हणूनच ती पोसली जाते." तू चिडलीस. "मग तू सांग, चाळणीवरच्या बायकांना कुणाच्या हवाली करू? तुझ्या वर्गात बसवतोस का?" हा वाद तसाच राहिला, अक्का. तू गेलीस म्हणून मी तो जिंकल्यासारखा वागणार नाही आणि हरल्यासारखाही नाही. अजूनही रोजचं वर्तमानपत्र उघडलं की मी तिथूनच पुढं सुरू करतो.

शेवटचे महिने तू विष्णुपुरीला माझ्याकडं होतीस, दवाखाना जवळ म्हणून. संध्याकाळी आपण गच्चीवर बसायचो. धरणाकडून वारा यायचा, इंजिनिअरिंगची पोरं खालून मोटारसायकली पळवायची. तुला जेवण जात नव्हतं, पण भांडण जात होतं. एकदा मोबाईलवर तिकडच्या निवडणुकीची बातमी लागली. वर्दीतल्यांनीच ठरवलेली, वर्दीतल्यांनीच घेतलेली. तू म्हणालीस, "बग, मतदान होऊन राहिलंय. बदलंल आता."

मी म्हणालो, "हे मतदान नाही अक्का, ही पोटली आहे."

तू इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायलीस, डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "आत्ता शिकलास! लई वर्षं लागली." धरणावरचे दिवे लागले. आणि तू म्हणालीस, "माझ्यामागं प्रज्ञा तुला इचारंल. रंगून ठिवायचं का इकायचं. तिच्यावर माझा जोर न्हाई, तुझ्यावर बी न्हाई." मी लगेच काहीतरी बोलायला गेलो, तर हात वर केलास. "आत्ता सांगू नको. तू घाईनं बोललास की चुकतोस. पोत्यात हात घाल, मग सांग."

मी म्हणालो, मला कुठं येतं ते. तू म्हणालीस, "हात तर हाय ना तुला?"

त्यानंतर तुझ्याशी रंगूनबद्दल बोलणं झालं नाही. औषधांबद्दल झालं, माझ्या सुनेच्या आमटीबद्दल झालं, आणि एकदा आपल्या आईबद्दल. उत्तर माझ्याकडं तसंच राहिलं.

प्रज्ञानं विचारलंच. तू गेल्यावर आठवड्याभरात मुंबईच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा निरोप आला, तुमचा हिस्सा द्या, भाव चांगला देतो. तिनं मला सांगितलं आणि प्रामाणिकपणे को विनलाही फोन करून सांगितलं, की आई गेली आणि आम्ही विकायचा विचार करतोय. तो एवढंच म्हणाला, "ठीक है. पार्टनर की बेटी जैसा बोलेगी." तुझी पोरगी शहाणी आहे अक्का. ती म्हणाली, "मामा, मिल मी बघंन. पण इथली मिल, तिथला प्लांट, तिथलं सरकार, एक ना धड भाराभर चिंध्या नकोत मला. तुमचा हिस्सा हाय म्हणून तुमची सही लागंल. तुम्ही तर पहिल्यापासून इका म्हणत होता." खरं होतं. इतकी वर्षं जे म्हणत आलो ते आता फक्त सही करून होणार होतं. मी म्हणालो, पुण्यानुमोदन होऊ दे, मग बघू. मनातल्या मनात मी सही केलेलीच होती.

आणि मग ही पोटली.

प्रज्ञा तुझ्याच टेबलाशी बसली होती. तुझ्या खुर्चीत नाही, बाजूच्या स्टुलावर. मिल चालू होती, भिंत थरथरत होती. तिनं पार्सलची शिवण कापली. आत त्याच त्या चौकड्याच्या लुंगीच्या कापडात बांधलेले दाणे, दर वर्षी हंगामाला तो पाठवतो तसे. तिनं गाठ सोडली, दाणे पसरले, आणि तिचा चेहरा उतरला.

माल खराब होता, अक्का. मलासुद्धा दिसेल एवढा खराब. काळपट, सुरकुतलेले, अर्धे फुटलेले दाणे, टरफलं, वर एक खडा. यंदा काढणीच्या टायमाला तिकडं पाऊस लागला असणार.

"येड लागलंय का याला?" प्रज्ञा म्हणाली. "आपण इकायचं बघून राहिलो हे माहीत हाय त्याला. अशा टायमाला माणूस निवडून निवडून दाणे पाठवतू. चार मुठी चांगल्या भेटल्या नसत्या का सबंध गोदामात? हे बघितल्यावर कोण ठेवंल?"

मी एक दाणा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. समोरच्या दाताखाली धरला, तू धरायचीस तसा, आणि दाबला. कट् झालं नाही. दबला. तोंडात मातकट, कच्ची चव आली. मी म्हणालो, "ओला आहे." आणि मला हसू आलं. हसताना रडूही आलं, ते प्रज्ञानं बघितलं.

"मामा, काय झालं?"

मी तिला विचारलं, "पोरी, ही पोटली त्यानं पोत्याच्या कुठल्या भागातून भरली असेल?"

तिनं माझ्याकडं बघितलं, दाण्यांकडं बघितलं. तुझीच पोरगी, वेळ लागला नाही. तिनं बोटानं तो खडा बाजूला सारला आणि हळू आवाजात म्हणाली, "तळातून."

मिलमधल्या हमालानं दारातून डोकावून चहा सांगू का विचारलं, प्रज्ञानं मान हलवली. मी विचार करत होतो. हा माणूस गोळ्यांच्या आवाजात यंत्रं चालवतो. भागीदार गेली. तिची पोरगी हिस्सा विकायला निघालेली आणि मोठा व्यापारी दारात. अशा वेळी त्यानं पोत्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि जे हाताला लागलं ते फडक्यात बांधून पाठवलं. त्या दिवशी त्याच्या गोदामात तू जे केलंस ते त्यानं एकदा बघितलं होतं, आणि आजवर विसरला नाही. त्या देशात काय बदलेल ते मला माहीत नाही. पण तिथली एक थप्पी आपण तपासलेली आहे, आणि ती वरून खालपर्यंत सारखी निघाली.

"यंदाचा माल घेऊ नकोस," मी प्रज्ञाला म्हणालो. "एक पोतंसुद्धा नको. त्याला तसं स्पष्ट सांगायचं."

"आन् प्लांट?"

"प्लांट ठेवायचा."

ती बघतच राहिली. "मामा, तुम्ही म्हणूलालाव हे? आन् माझ्या चिंध्या?"

"त्या माझ्याकडं दे. तिथले फोन, कागद, सरकारच्या बातम्या. बातम्या तर मी फुकटातच वाचतो. तू फक्त तूर बघ." हे बोलून झाल्यावर मला कळलं की हे वाक्य माझं नव्हतं. तू मला रंगूनला नेलंस तेव्हाचं होतं, फक्त आता तुझ्या जागी प्रज्ञा होती.

ती लगेच हो म्हणाली नाही. तिनं चहा पिऊन घेतला, मुंबईच्या व्यापाऱ्याचा भाव कागदावर परत एकदा बघितला, मला दोन-तीन अवघड प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचं उत्तर मला देता आलं नाही, आणि तसं मी सांगितलं. मग तिनं स्टुलावरून उठून तुझी खुर्ची पुढं ओढली आणि तिच्यात बसली. दाणे परत फडक्यात बांधायला लागली. "आई असती तर म्हणली असती, मास्तर पाघळला," ती म्हणाली.

म्हणाली असतीसच. म्हण. मला चालेल. पण तुला वाटतंय तसं नाही अक्का. त्या वर्दीवाल्यांबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. त्यांची निवडणूक मला अजूनही पोटलीच वाटते आणि करांचा माझा प्रश्न अजून उभा आहे. तो मी आता को विनलाच विचारणार आहे, वर्षातून निदान एकदा, कारण आता तसा अधिकार आहे मला. तरी माझा भरवसा आहे. पॅगोड्याच्या पायऱ्यांवर तू म्हणालीस ना, टाइम लागला पर आलो. तसं तिथंही होईल. मी बघायला असेन की नाही माहीत नाही, प्रज्ञा असेल. तोवर तिथल्या चाळणीवर आपलं माणूस असलेलं बरं. सिंगापूरवाले परत येतील तेव्हा त्यांना भाकरी-चटणी वाढायला कुणीतरी लागेल.

तुझा मोबाईल टेबलावरच होता, प्रज्ञानं अजून बंद केला नाही. मी तो घेतला. तुझ्या त्या मोठ्या अक्षरांत 'पार्टनर रंगून' असं नाव होतं. मी ते दाबलं. खूप वेळ वाजत राहिला, मला वाटलं पुन्हा लाइनी गेल्या. मग उचलला गेला. पलीकडून आवाज येईना. तुझा नंबर बघून त्याचं काय झालं असेल ते मला इकडे कळत होतं. त्याच्या मागं आपली यंत्रं चालल्याचा खडखड आवाज येत होता.

शेवटी तो म्हणाला, अगदी हळू, "कौन?"

"माल गीला है, को विन," मी म्हणालो. "इस साल नहीं लेंगे. लेकिन अगले साल भी ऐसाच भेजना, नीचे से निकाल के."

तो म्हणाला, "मास्तरजी?"

"नहीं," मी म्हणालो. "पार्टनर बोल रहा हूँ."